कोण काय करत होतं

ही यादी सह्याद्रीतली, कोकणातली आणि थोडी देशावरची आहे. सुंदर म्हणून यात काही घेतलेलं नाही, दुर्मीळ म्हणूनही नाही. ज्यांचा माणसाच्या जेवणाशी, पाण्याशी, औषधाशी, आजाराशी रोजचा संबंध होता आणि जी कमी होत चालली आहेत किंवा गेलीच आहेत, तेवढीच नावं इथे आहेत. प्रत्येकाबद्दल मी दोनच गोष्टी विचारतो: ते काय काम करत होतं, आणि ते काम आता कोणावर पडलं आहे.

गिधाड

जनावर मेलं की गावाबाहेरच्या ठरलेल्या जागी ओढून टाकत. कातडं काढणारे कातडं घेऊन जात. मग गिधाडं उतरत. थवा मोठा असला तर तासाभरात बैलाचा सांगाडा उघडा पडे. हाडं उन्हात वाळत, ती वेचणारे येऊन नेत; त्यावरही काही घरं चालत. कुजणं, वास, माश्या, ओढ्यात उतरणारी घाण, यांतलं काही व्हायला वेळच उरत नसे. गिधाडाच्या जठरातलं आम्ल अतिशय तीव्र असतं. सडक्या मांसातले बहुतेक रोगजंतू तिथेच मरतात.

१९८०च्या दशकात देशात गिधाडं काही कोटींच्या घरात होती. पुढच्या दशकात ती झाडांवर माना टाकून बसलेली दिसू लागली, मग दिसेनाशी झाली. कारण कळायला २००४ साल उजाडलं. आपण सांधेदुखीला घेतो ते डायक्लोफेनॅक स्वस्त झालं, तसं गुरांनाही टोचलं जाऊ लागलं होतं. औषध दिलेलं जनावर लगेच मेलं आणि ते गिधाडानं खाल्लं, की गिधाडाची मूत्रपिंडं निकामी होतात. शंभर मढ्यांपैकी एकात जरी औषधाचा पुरेसा अंश असला तरी गिधाडं संपायला तेवढं पुरतं, असं गणित संशोधकांनी मांडलं. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीची गिधाडं हजारात एक उरली.

मढी पडतच राहिली. ती कुत्र्यांनी खाल्ली, उंदीर-घुशींनी खाल्ली, बाकीची पाण्याकाठी कुजली. कुत्री वाढली आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचे चावे वाढले. एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी, जिथे पूर्वी गिधाडं भरपूर होती आणि जिथे ती फारशी नव्हतीच, अशा जिल्ह्यांतलं मृत्यूंचं प्रमाण ताडून पाहिलं. २००० ते २००५ या काळात गिधाडं गेल्यामुळे देशात सुमारे पाच लाख माणसं जास्तीची मेली, असा त्यांचा २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. पाच लाख. जैवविविधता माणसाला कशासाठी हवी, असं कोणी विचारलं तर मी आधी हा आकडा सांगतो.

गुरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली. तरी माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये माणसांच्या इंजेक्शनची कुपीही तीन मिलिलिटरची करावी लागली. किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही तशीच घातक औषधं गुरांसाठी बंद व्हायला २०२३ उजाडलं. गिधाडांना न मारणारं मेलॉक्सिकॅम या सगळ्या काळात बाजारात होतं. मुंबईत मलबार हिलवरच्या डुंगरवाडीत मृतदेह गिधाडांवर सोपवणाऱ्या पारशी समाजाला गिधाडांअभावी सौर परावर्तक बसवावे लागले. रायगड जिल्ह्यात म्हसळा-श्रीवर्धनच्या बाजूला थोडी घरटी उरली आहेत. ती गावकऱ्यांनी आणि स्थानिक निसर्गप्रेमींनी राखली म्हणून.

शेवळं, आणि त्यासोबत काकड

मृग लागला की ठाणे, पालघर, रायगडच्या बाजारात आदिवासी बाया शेवळांच्या जुड्या घेऊन बसतात. पान यायच्या आधीच जमिनीतून सरळ वर येणारा हा फुलोरा. तसाच शिजवला तर घसा खाजतो, सुजतो. म्हणून जुडीबरोबर काकडाची छोटी आंबट फळं देतात. ती घातली की खाज मरते. हे पहिल्यांदा कोणी शोधलं असेल, किती घसे सुजल्यावर शोधलं असेल, याचा मला नेहमी अचंबा वाटतो.

काकड हे मोठं झाड. त्याच्या लाकडाला सागाचा भाव नाही, त्यामुळे ते राखावं असं कोणाला वाटत नाही आणि रस्ता रुंद होताना, प्लॉट पडताना ते सहज जातं. शहरात चिंच-आमसुलावर भागवतात. जुन्या बायांना ते मान्य नाही.

शेवळं, कुरडू, टाकळा, भारंगी, दिंडा, कोळी, लोत: कणगीतलं धान्य तळाला गेलेलं आणि नवं पीक अजून महिने लांब, अशा दिवसांत या भाज्या चुलीवर येत. शेतात तणनाशक मारलं की यांतल्या बांधावरच्या सगळ्या एका दिवसात जळतात. त्या दिवसांतली भाजी आता विकत आणायची, म्हणजे ज्याच्या हातात पैसे नाहीत त्यानं आणायचीच नाही.

देवभात

ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं खायचं नाही. म्हणून कोकणात तळ्यांच्या, ओहोळांच्या कडेला आपोआप उगवणारं देवभात शोधून आणत. दाण्याला लांब कूस, आणि पिकला की तो लगेच झडतो. गोळा करणं किचकट. शेतात आलं तर शेतकरी ते तण म्हणून उपटतो, आणि त्याच्या जागी ते बरोबरच आहे.

पण भाताचा इतिहास या रानभाताशिवाय सांगता येत नाही. १९७०च्या दशकात तपकिरी तुडतुड्यांनी पसरवलेल्या ग्रासी स्टंट या विषाणूनं आग्नेय आशियातली भातशेती खुजी करून टाकली. फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेनं हजारो वाण तपासले. लागवडीच्या एकाही वाणात या रोगाला तोंड देण्याची ताकद सापडली नाही. ती सापडली उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या ओरायझा निवारा या रानभाताच्या एका नमुन्यात, आणि त्या नमुन्यातल्याही मोजक्याच रोपांत. गुरदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लागवडीच्या भातात उतरवली. १९७६ मध्ये आलेल्या आयआर-३६ या वाणात ती आहे, आणि हा वाण पुढे जगात सर्वांत जास्त पेरला गेला. कोट्यवधी माणसांच्या ताटातला भात उत्तर प्रदेशातल्या कुठल्याशा पाणथळीच्या कडेनं वाचवला. ती कड गोळा करणाऱ्याच्या आधी बुजवणारा पोचला असता तर पर्याय म्हणून हातात काहीही नव्हतं.

जगात सुमारे सहा हजार वनस्पती अन्नासाठी लावल्या जातात, आणि वजनानं पाहिलं तर पिकांच्या एकूण उत्पादनातला दोनतृतीयांश वाटा फक्त नऊ पिकांचा आहे. त्या नवांतल्या कुठल्याही एकाला उद्या नवा रोग आला, तर त्याचं उत्तर अशाच कुठल्या कडेला शोधावं लागणार. कोकणातल्या अशा कडांवर आता मातीचा भराव पडतो आहे.

रत्ता, कोरगूट

खाडीकाठची जमीन खारी. तिथे साधं भात जळतं. रायगडच्या खारेपाटात काळा रत्ता, भुरा रत्ता ही लाल तांदळाची भातं मिठाला दाद न देता पिकत. गोव्याच्या खाजन शेतात हेच काम कोरगूट करतं. बांध फुटून भरतीचं पाणी शिरलं तरी हातात काहीतरी येई.

पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राला मीठ सोसणारे सुधारित वाण करायचे होते, तेव्हा त्यांनाही रत्त्याकडेच यावं लागलं. समुद्राची पातळी चढते आहे, खारं पाणी आत येतं आहे, आणि ज्या शेतकऱ्यांकडे हे बी होतं त्यांची शेतं कोळंबीच्या तळ्यांत, भरावांत आणि गोदामांत जात आहेत. बी दरवर्षी पेरलं तरच जिवंत राहतं. शीतगृहातल्या पाकिटात ठेवलेल्या बियाण्याला यंदाचं पाणी मागल्या वर्षापेक्षा किती खारं आहे हे कळत नाही.

मालदांडी, दगडी, गूळभेंडी

एका ज्वारीची भाकरी, दुसरीचा हुरडा, तिसरीचा लाह्यांना उपयोग, आणि सगळ्यांचा कडबा. गूळभेंडी हुरड्याची, तिचा कोवळा दाणा गोड. दगडीचा दाणा कठीण, किडीला लवकर हाती न लागणारा, म्हणून साठवणीचा. मालदांडी रब्बीची. पाऊस संपल्यावर पेरायची आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकवायची, वरून एक थेंब पडला नाही तरी. मोहोळच्या संशोधन केंद्रात १९३०च्या दशकात तिच्यातून निवडलेली एम-३५-१ आजही संशोधक नव्या वाणांच्या तुलनेला घेतात. नव्वद वर्षं टिकलेलं हे बी, त्यावर फारसा कोणाचा नफा झालेला नाही.

१९६४ मध्ये पहिली संकरित ज्वारी आली. दाणा वाढला, ताट बुटकं झालं, कडबा घटला. तिच्या भाकरीला घरोघर नावं ठेवली गेली, पण बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांत ती नको म्हणण्याची ऐपत फार थोड्यांना होती, आणि त्या भुकेच्या काळात तिनं पोटं भरली हेही खरं. पुढे सोयाबीन आणि ऊस आले. आता रब्बी ज्वारी घटल्यावर कडब्याची पेंढी महाग झाली, आणि लहान शेतकऱ्याला दावणीचं जनावर ठेवणं परवडेना. ज्वारीच्या ताटाला बैल बांधलेला होता, बैलाला शेणखत, शेणखताला माती. यातलं एक सुटल्यावर बाकीचं किती वर्षांत सुटतं हे मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात डोळ्यांसमोर दिसतं आहे.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वालाचे, भाताचे, भाज्यांचे कितीतरी गावरान वाण घरात राखले, वाढवले, इतर बायांना वाटले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं कौतुक झालं ते योग्यच झालं. पण प्रत्येक गावात अशी एक तरी बाई होती, मडक्यात राख घालून बी ठेवणारी. ती गेली तेव्हा तिचं मडकं कोणी उघडलं नाही.

रायवळ

हापूसचं कलम रायवळ आंब्याच्या कोयीवर बांधतात. मूळ रायवळाचं, फांदी हापूसची. बांधावरचा रायवळ तोडून त्या जागी कलम लावणाऱ्यानं उद्याच्या कलमाचं मूळ तोडलेलं असतं. शिवाय रायवळात प्रत्येक झाडाची चव निराळी, वाढ निराळी, रोगाशी झुंजायची पद्धत निराळी. हापूस मात्र रत्नागिरीपासून देवगडपर्यंत एकाच जातीचा. तुडतुडा आला की सगळीकडे एकदमच येतो, आणि मग मोहरावर पाच-सहा फवारण्या.

सातेरी

झाडाच्या ढोलीत, वारुळात, जुन्या भिंतीच्या पोकळीत पोळी करणारी आपली माशी. आग्यासारखी चिडत नाही, पेटीत राहते. महाबळेश्वरचा मध तिचा: जांभळाचा, हिरड्याचा, गेळ्याचा, आणि कारवी फुलेल त्या वर्षी कारवीचा. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर झालं.

मध हे तिचं दुय्यम काम. ज्वारी, गहू, भात वाऱ्यावर किंवा स्वतःच्याच परागावर पिकतात, त्यामुळे माशी गेली तरी भाकरी मिळेल. भोपळा, कारलं, काकडी, कलिंगड, सूर्यफूल, डाळिंब, कांद्याचं बी, यांना माशी लागते. म्हणजे भाकरीबरोबरचं बहुतेक सगळं. कांद्याचे डेंगळे फुलून येतात, वरून पांढरेशुभ्र गेंद दिसतात, आणि माशी फिरकली नाही तर हातात बी येत नाही. आता डाळिंबवाले आणि कांदा-बीवाले मधमाश्यांच्या पेट्या भाड्यानं आणतात, बहुधा परदेशी मेलिफेरा माशीच्या. पूर्वी बांधावरच्या ढोलीतून जे फुकट मिळे त्याचं आता हंगामी भाडं भरावं लागतं, आणि पेट्या शेतात असतानाच शेजाऱ्यानं फवारणी केली तर भाडंही जातं आणि माश्याही.

१९९०च्या दशकात थाई सॅकब्रूड या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती मोठ्या प्रमाणावर मारल्या. त्यातून ती सावरली, कारण रानात वेगवेगळ्या ठिकाणी तिचे वेगवेगळे वंश शिल्लक होते. सगळ्या जर पेट्यांतल्या आणि एकाच घराण्यातल्या असत्या तर सावरायला कोणी उरलं नसतं.

वलगणीचे मासे

पहिला मोठा पाऊस झाला की ओढ्यांतून, वहाळांतून मासे उलटे चढतात, भातखाचरांत शिरतात, तिथल्या उथळ कोमट पाण्यात अंडी घालतात; हीच वलगण. कोकणात या दिवसांची मुलं वाट बघत, मोठेही. कातकरी वाडीत त्या आठवड्यात रोज मासळी. हे मासे लहान, काट्यासकट खायचे; त्यातून चुना आणि जीवनसत्त्व अ पोटात जाई. ज्या पोरांना दूध कधी बघायला मिळत नव्हतं त्यांच्या हाडांत या माशांचा वाटा होता.

चढण बंद करायला फार काही लागत नाही. ओढ्यावर दोन-तीन हात उंचीचा सिमेंटचा बंधारा पुरतो, त्यात माशाला वर जायला वाट ठेवलेली नसते. वर खाचरात कीटकनाशक. खाली मच्छरदाणीच्या कापडाची जाळी लावून अंड्यांनी भरलेल्या माद्यांसकट सगळं गाळून घेणारे. या शेवटच्या गोष्टीबद्दल मी कोणाची बाजू घेणार नाही. पोटासाठी असो की मौजेसाठी, पोटात अंडी असलेला मासा त्या आठ दिवसांत सोडायला हवा.

आता त्या वाड्यांमधल्या कुपोषित पोरांना गोळ्या देतात.

बेडूक

१९७० आणि ८०च्या दशकांत आपल्या देशानं हजारो टन बेडकांच्या तंगड्या परदेशी विकल्या. १९८७ मध्ये निर्यात बंद केली. भातशेतीतला मोठा बेडूक रोज किडे, अळ्या आणि बांध पोखरणारी खेकड्याची पिल्लं खातो. तंगडीला डॉलर मिळत होते, आणि कीटकनाशकाला रुपये जात होते. बंदीनंतर तो थोडा सावरला. मग फवारण्याच इतक्या वाढल्या की खायला किडेही विषारी.

डांगी

इगतपुरी, अकोले, घोटी, राजूर: जोरदार पावसाचा पट्टा. इथल्या डांगी जनावराच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही. गुडघाभर चिखलात, मुसळधार पावसात चिखलणीला हेच बैल टिकत. परदेशी संकराची गाय या पावसात आजारी पडते, तिला औषधं लागतात. त्या औषधांचं काय होतं ते पहिल्या नोंदीत आलंच आहे. राजूरला डांगी जनावरांचं प्रदर्शन अजून भरतं. चिखलणीला मात्र पॉवर टिलर.

सर्पगंधा

मुंबईच्या केईएम रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना या झुडपाच्या मुळीपासूनचं औषध देऊन त्याचे परिणाम नोंदले आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले. वैदूंना ही मुळी शतकानुशतकं ठाऊक होती. वकिलांनी ती मोजली, तपासली, जगापुढे ठेवली. १९५२ मध्ये तिच्यातून रिझर्पिन वेगळं काढलं गेलं. त्या आधी रक्तदाबावर देण्यासारखं डॉक्टरांकडे जवळजवळ काही नव्हतं. त्यानंतर मुळ्यांसाठी रानं उकरली गेली. मुळी काढली की झुडूप संपतं.

नरक्या

सह्याद्रीच्या सदाहरित रानात वाढणारं लहान झाड. पानं चुरगाळली की घाण वास, त्यावरून लोकांनी दिलेलं नाव. त्याच्या लाकडाला कोणी विचारत नव्हतं.

१९६६ मध्ये अमेरिकेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी या दोघांनी एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळं काढलं. मनसुख वाणी आपल्या नंदुरबारचे. १९७२ मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी दाखवलं की तेच द्रव्य नरक्यात भरपूर आहे. कॅम्प्टोथेसिनपासून पुढे टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधं झाली. दोन्हींना अमेरिकेत १९९६ मध्ये मान्यता मिळाली. मोठ्या आतड्याच्या, अंडाशयाच्या, फुप्फुसाच्या काही कर्करोगांवर ती आज जगभर दिली जातात. मुंबईतही, पुण्यातही, कोल्हापुरातही. ज्या घरात असा रुग्ण आहे त्या घराचा नरक्याशी संबंध आहे, माहीत असो वा नसो.

याच वॉल आणि वाणींनी पॅसिफिक यू या झाडातून टॅक्सॉल काढलं. अमेरिकेतले लाकूडतोडे ते झाड कामाच्या झाडांमधलं आड येणारं झुडूप समजून तोडत आणि जाळत. स्तनाच्या कर्करोगावरचं एक मोठं औषध त्या जाळाच्या ढिगात होतं.

नरक्याचं मोल कळलं आणि सिंधुदुर्ग, कोल्हापूरच्या रानांतून तो ट्रक भरभरून चोरीनं जाऊ लागला. तोडणाऱ्याला किलोमागे थोडे पैसे, बाकी वरच्या वर. मोल कळण्याआधी त्याला जंगल जाण्याचा धोका होता, मोल कळल्यावर तोडीचा. मला यातून एवढंच दिसतं की झाडाचं मोल कळलं म्हणून झाड वाचतं हे खरं नाही. त्या रानावर हक्क असलेली आणि ते राखायचं ठरवलेली माणसं लागतात.

सह्याद्रीत अजून किती झाडांच्या पानांत, मुळांत, सालीत काय आहे हे कोणी तपासलेलंच नाही. ती झाडं तपासण्याआधी जात आहेत.

माळ

सरकारी कागदावर याचं नाव पडीक. पवना, मारवेल, शेडा, कुसळी अशी गवतं, त्यांत टोळ आणि भुंगेरे, ते खाणारा माळढोक, ससे, आणि सशांमागे लांडगा. धनगराची मेंढरं पावसाळ्यात इथे चरत आणि नंतर शेतांत बसवली जात. रात्रभराच्या लेंड्या-मुताच्या बदल्यात शेतकरी धान्य देई. नान्नजचं माळढोक अभयारण्य १९७९ मध्ये झालं. आता तिथे एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते.

गवताची मुळं माती बांधून ठेवतात, थोड्या पावसाचं पाणी जमिनीत उतरवतात. देशावर पडणाऱ्या पावसात दाट जंगल वाढत नाही, गवत वाढतं, आणि तेच तिथलं योग्य आच्छादन. तरी पर्यावरणाच्या नावानं माळांवर खड्डे खणून ग्लिरिसिडिया लावला जातो. हे मला जंगलतोडीइतकंच चुकीचं वाटतं, आणि झाडं लावणाऱ्यांच्या हेतूबद्दल आदर ठेवूनही ते बोललं पाहिजे. खणलेल्या माळावर पुन्हा पवना यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. चारा छावण्यांवर दर दुष्काळात होणारा खर्च हा त्या गवताचा खर्च आहे.

देवराई

पालापाचोळाही उचलायचा नाही, असा नियम. वाघजाई, काळकाई, सोमजाई या देवींचा धाक. त्यामुळे जुने बेहडे, आंबे, सातविणी राहिल्या, त्यांच्या ढोल्यांत धनेश राहिला, सातेरी राहिली. आणि पाणी राहिलं. कितीतरी गावांचा उन्हाळ्यातला शेवटचा झरा देवराईतून निघतो.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक महाराष्ट्रातल्या देवरायांच्या नोंदी करत फिरत होते. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या लोकांनी त्यांच्याकडे मदत मागितली. त्यांच्या देवराईतली झाडं तोडीला लागली होती, आणि गावचा ओढा तिच्यामुळेच वाहता आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आसपासची रानं गेल्यावर पाणी कसं आटतं हे त्यांनी पाहिलेलं होतं. जैवविविधता हा शब्द तेव्हा प्रचारातही नव्हता.

महाराष्ट्रात अडीच हजारांहून जास्त देवरायांची नोंद झाली आहे. त्यांतल्या अनेकांत आज देवळाच्या जीर्णोद्धारासाठी झाडं विकली जातात. देवीसाठी देवीचं रान विकून वर स्लॅब टाकतात आणि भोवती फरशी घालतात. काही वर्षांनी त्याच गावात उन्हाळी टँकर येतो. टँकरचं पाणी किती रुपयांचं आणि विकलेली झाडं किती रुपयांची, हा हिशेब ग्रामपंचायतीच्या दफ्तरात शेजारी-शेजारी मांडून बघावा.

नोंदवही

२००२च्या जैविक विविधता कायद्यानं आणि त्याच्या नियमांनी प्रत्येक ग्रामपंचायतीला, नगरपालिकेला, महापालिकेला एक जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि एक लोकजैवविविधता नोंदवही सांगितली आहे. गावातली पिकं, वाण, गुरं, रानभाज्या, औषधी झाडं, मासे, ते जाणणारी माणसं, हे सगळं त्यात लिहायचं. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत. राष्ट्रीय हरित लवादानं ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दंडाची तंबी दिल्यावर देशभर या वह्या झपाट्यानं भरल्या गेल्या. इतक्या वेगानं भरलेल्या वहीत काकडाच्या झाडाला किंवा वलगणीच्या जागेला किती वेळ मिळाला असेल?

ती वही सार्वजनिक कागद आहे. आपल्या गावची किंवा मूळ गावची वही मागा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. वलगणीची वाट कुठे आहे, शेवटचं रत्त्याचं किंवा गूळभेंडीचं बी कोणाकडे आहे, उन्हाळ्यात न आटणारा झरा कोणत्या झाडांखालून निघतो, हे त्यात नसेल तर गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईकडे बसून लिहून घ्या आणि समितीला लेखी द्या. ओढ्यावर नवा बंधारा, देवराईत नवी फरशी किंवा माळावर नवे खड्डे यांचा ठराव येईल, तेव्हा गावाच्या हातात दाखवायला तेवढाच कागद असतो. ग्रामसभा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरते. पुढच्या सभेआधी हे लिखाण समितीच्या हातात द्या.